राजीनाम्यावर सही करू नकोस

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. पाचवा महिना लागला आहे, आणि लक्ष्मी रस्त्यावरच्या ज्या साडीच्या दुकानात तू बिलिंग आणि हिशेब सांभाळतेस, तिथल्या शेठनी ‘आता राजीनामा दे, बाळ मोठे झाले की ये, जागा तुझीच आहे’ असे सांगितले आहे. माणूस भला आहे, त्याचे मन कसे मोडू, असे तू विचारतेस. माझे उत्तर एवढेच, की राजीनाम्यावर सही करू नकोस. शेठ खरोखर भला असेल, तर रजा मंजूर केल्याचे दोन ओळींचे पत्र देताना त्याचा हात अडणार नाही.

बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या बाईला कामावरून काढणे, किंवा तिच्या नोकरीच्या अटी तिच्या तोट्याच्या करून ठेवणे, याला कायद्याने मनाई आहे. पण तू आपल्या हाताने राजीनामा दिलास की तुला कोणी काढलेच नाही, असा त्याचा अर्थ होतो. मग दाद कशाबद्दल मागणार?

‘आपल्याकडे सातच माणसे, आपल्याला कायदा लागू नाही’ हे शेठचे वाक्य तू न तपासता मान्य केलेस, याचा मात्र मला राग आला. 1961 चा प्रसूती लाभ कायदा आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे, तरी दुकानांसाठीची दहा माणसांची अट तीच आहे. आणि ती अट आज किती माणसे आहेत एवढ्यावर थांबत नाही, तर गेल्या बारा महिन्यांत कोणत्याही एका दिवशी दहा माणसे कामाला होती का, असे विचारते. दिवाळीत आणि लग्नसराईत साड्या दाखवायला आणि घड्या घालायला जादा मुले-मुली येतात ना? त्यांचे पगार तूच काढतेस, हजेरीपत्रक तुझ्याच टेबलावर असते. धनत्रयोदशीच्या आठवड्याचे पान उघड आणि नावे मोज. दहा भरली, आणि गेल्या वर्षभरात तुझे ऐंशी दिवस काम झालेले असले, तर पहिल्या बाळासाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा हा तुझा हक्क आहे.

पगारातून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी, कापली जाते का, तेही बघ. दरमहा 21,000 रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना ते लागू होते, आणि वर्गणीचे दिवस पुरेसे भरलेले असले तर त्या 26 आठवड्यांचे पैसे या विम्याचे सरकारी महामंडळ देते, शेठच्या गल्ल्यातून जात नाहीत. हे त्यांना शांतपणे समजावून सांग. पुष्कळ दुकानदारांना ते ठाऊकच नसते.

मी इतक्या हट्टाने का लिहिते, ते सांगते. ऐन तरुणपणी मी एका छोट्या छापखान्यात कामाला होते. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा मालकांनी असाच तोंडी शब्द दिला, आणि मी परतले तेव्हा माझ्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसली होती. तिचा काही दोष नव्हता. पुढे मी स्वतःचे बाइंडिंगचे काम सुरू केले, पाच बायका कामाला होत्या, म्हणजे कोणताही कायदा मला विचारायला येणार नव्हता. तरीही रजेवर गेलेल्या बाईचे नाव मी हजेरीपत्रकातून कधी काढले नाही. तिच्या ओळीत महिनोन्‌महिने ‘रजा’ लिहिलेले असे, आणि बदली घेतलेल्या बाईच्या पत्रात तिचा शेवटचा दिवस आधीच घातलेला असे. पूर्ण पगार देणे मला जमत नव्हते, जागा राखणे जमत होते, आणि ते मी केले. जूनमध्ये वह्यांचा हंगाम अंगावर आला की घरचेच म्हणत, हा धर्मादाय कशाला. तो धर्मादाय नव्हता. हात बसलेली बाई परत येणे हाच माझा फायदा होता, आणि आजही मी तेच म्हणेन.

म्हणून ‘लहान धंद्याला परवडत नाही’ हे वाक्य मला पटत नाही. अमेरिकेचा 1993 चा कायदा 12 आठवड्यांची बिनपगारी रजा आणि परत आल्यावर नोकरी देतो, पण पन्नास माणसांच्या खालच्या धंद्यांना तो सोडून देतो. तिथल्याच कॅलिफोर्निया राज्याने ही मर्यादा 2021 पासून पाचवर आणली, आणि तिथल्या कायद्यात आजारी आईवडिलांची शुश्रूषाही येते. आपल्याकडे सासूबाईंसाठी रजा मागणाऱ्या खाजगी नोकरदाराला असे संरक्षण आजही नाही.

हजेरीपत्रक मोजूनही दहा भरली नाहीत, तर तुझी बाजू लंगडी आहे, हे मी लपवणार नाही. तेव्हा तर राजीनाम्यावर मुळीच सही करू नकोस. बिनपगारी का होईना, पण रजाच माग. अर्जात रजा सुरू होण्याची तारीख, परत रुजू होण्याची तारीख, त्याच कामावर आणि त्याच पगारावर परतणार असल्याचा उल्लेख, एवढे असू दे. दोन प्रती काढ, आणि आपल्या प्रतीवर शेठची सही आणि दुकानाचा शिक्का घे. लाज वाटते म्हणून हे तोंडी उरकू नकोस.

अर्ज आधी मला दाखव. रविवारी सकाळी मी घरीच आहे. येताना पगाराच्या पावत्या आण, आणि जिना सावकाश चढ.

तुझी,
मावशी