अठरा बाळे आणि एक गोधडी

प्रश्न: आमची अंगणवाडी गुहागर तालुक्यातील एका जुन्या घराच्या पडवीत भरते. गेल्या ऑगस्टमध्ये स्तनपान सप्ताहानिमित्त एक वर्षाखालील १८ बाळांचा एकत्र फोटो मोबाइलवर काढला, पण निम्मी बाळे रडत होती, दोन रांगत चौकटीबाहेर गेली होती आणि सगळ्यांचे चेहरे निळसर दिसत होते. यंदा काय करावे?
– एक अंगणवाडी सेविका

उत्तर: आधी निळ्या रंगाचे पाहू, कारण त्यात बाळांचा काहीच दोष नाही. पावसाची झड आत येऊ नये म्हणून आपण पडवीला निळी ताडपत्री बांधतो आणि तिच्यातून गाळून येणारा उजेड कोणत्याही गोऱ्या-सावळ्या बाळाला आजारी करून टाकतो. फोटोच्या तासाभरापुरती ती पूर्ण वर गुंडाळा. उघड्या बाजूने येणारा पावसाळी उजेड मऊ असतो आणि त्याने डोळे दिपत नाहीत. भिंत जांभ्या चिऱ्याची व न रंगवलेली असेल, तर त्या बाजूच्या गालांवर तांबूस झाक येते. तिथे एक पांढरे धोतर टांगले की काम भागते.

गोधडी कडेपासून आत, झड पोहोचणार नाही अशा ठिकाणी अंथरा आणि बाळांची डोकी अंगणाकडे, पाय ओटीकडे ठेवा. असे केल्याने उजेड कपाळावरून खाली उतरतो. उलट ठेवल्यास तो हनुवटीखालून येतो आणि गोंडस चेहराही भेसूर दिसतो. ओटी पडवीपेक्षा पायरी-दोन पायऱ्या उंच असेल, तर तिच्या कडेवर उभे राहूनच फोटो घ्यावा. बाळांवर वाकून किंवा स्टुलावर चढून मोबाइल धरणे मला अजिबात मान्य नाही, कारण हातातून निसटलेली वस्तू नेमकी कुठे पडेल हे सांगायला नको. सगळी बाळे मावावीत म्हणून मोबाइलमधले ०.५चे रुंद भिंग निवडू नका, त्याने कडेच्या बाळांची डोकी ताणल्यासारखी होतात. साधे भिंग ठेवा आणि शक्य तेवढे मागे सरा.

ही सगळी मांडणी बाळे येण्यापूर्वीच पुरी झाली पाहिजे. मी गोधडीवर अठरा असोले नारळ मांडून चौकट आणि उजेड तपासतो. नारळ हलत नाहीत एवढाच काय तो फरक. पण कोणते ‘डोके’ खांबाच्या सावलीत जाते हे त्यावरून आधीच कळते.

आता रडण्याविषयी. नवजात बाळ दुसऱ्या बाळाचे रडणे ऐकून रडू लागते, हे अभ्यासकांनीही नोंदवले आहे, म्हणून पहिला सूर लागताच त्या बाळाला आईने माजघरात न्यावे. वेळ दूध पिऊन अर्धा-पाऊण तास झाल्यानंतरची, पण झोपेच्या आधीची धरावी. मान न धरणारी, पाठीवर शांत पडणारी बाळे आधी ठेवा, बसती बाळे आयांच्या मांडीवर कडेने घ्या आणि रांगणारी अगदी शेवटी आणा. आठ-नऊ महिन्यांची बाळे अनोळखी चेहऱ्याला बिचकतात, त्यामुळे फोटो तुम्ही स्वतः काढलात तर बाहेरच्या फोटोग्राफरपेक्षा तुमचेच पारडे जड. गालावरची तीट मात्र पुसायला सांगू नका. मी एकदा सांगितले आणि तीन आज्या बाळांसह उठून गेल्या.

किती फोटो काढावेत, यावर एक गंमतीदार हिशेब आहे. ऑस्ट्रेलियातील निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांना २००६ साली गणिताचे इग नोबेल (आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचे पारितोषिक) मिळाले, ते समूहफोटोत कोणाचेही डोळे मिटलेले नसावेत यासाठी किती फोटो लागतात हे काढल्याबद्दल. विसांहून कमी माणसे असतील, तर चांगल्या उजेडात संख्येला तीनने आणि कमी उजेडात दोनने भागायचे. म्हणजे १८ जणांसाठी सहा किंवा नऊ. तान्ही बाळे मोठ्यांपेक्षा फार कमी वेळा पापणी मिटतात, पण जांभई, उचकी आणि शेजाऱ्याच्या नाकात बोट हे प्रकार त्या हिशेबात नाहीत. मोबाइल बर्स्टवर, म्हणजे लागोपाठ फोटो निघण्याच्या सोयीवर, ठेवून शंभरेक काढा. कॅमेरा असेल तर शटरचा वेग १/२५० सेकंद ठेवा, त्यासाठी आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १६०० पर्यंत गेला तरी चालेल, कारण दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही.

फोटो गटावर टाकण्यापूर्वी प्रत्येक आईची परवानगी घ्यावी.

प्रश्न: उजेड फारच कमी असेल तर फ्लॅश वापरावा का? डोळ्यांना इजा होईल, असे घरचे म्हणतात.
– एक वाचक, मालवण

उत्तर: साध्या फ्लॅशने निरोगी बाळाच्या डोळ्यांना कायमची इजा होते असे सिद्ध झालेले नाही. तरीही अठरा बाळांसमोर मी तो वापरत नाही, कारण एक दचकले की सगळी दचकतात. मात्र घरी फ्लॅशने काढलेल्या फोटोत बाळाची एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरी दिसली, तर ते दुर्लक्षू नका. नजरेचा कोन चुकल्यानेही तसे दिसू शकते, पण कधी कधी ते मोतीबिंदूचे किंवा डोळ्यातील गाठीचे पहिले लक्षण असते. तो फोटो घेऊन लवकरच नेत्रतज्ज्ञांकडे जावे.