मे महिन्यात जर्मनीत काम मिळेल का?

प्रश्न : ताई, मी खानापूरची. बेळगावात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जर्मनची ए-टू, म्हणजे दुसऱ्या पायरीची परीक्षा पास झाले, पण बोलायला तोंड उघडलं की अडखळते. मे-जूनच्या सुट्टीत जर्मनीतल्या एखाद्या हॉटेलात काम करून भाषा सुधारावी असं मनात आहे. इथला एक एजंट म्हणतो, टुरिस्ट व्हिसावर जा, काम मी आतून लावून देतो. दोन लाख सांगतोय. बाबा म्हणतात, भाताचे पैसे आलेत, दे. काय करू?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : बाबांना सांग, भाताचे पैसे बँकेतच असू देत. टुरिस्ट व्हिसावर जर्मनीत हॉटेलात काम करता येत नाही. पकडली गेलीस तर परत पाठवतील, पुढचा व्हिसाही अडेल, आणि एजंट इथं खडेबाजारात चहा पीत बसलेला असेल. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटाची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव आहे का बघ. नोंदणी असली तरी त्याला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढीच फी घेता येते. पासपोर्ट त्याच्याकडे दिला असशील तर उद्याच्या उद्या परत आण.

युरोपियन युनियनमधली पोरं सुट्टीत खुशाल तिकडं जाऊन ग्लास विसळतात, कारण त्यांना परवाना लागत नाही. आपल्याला लागतो. परदेशी विद्यार्थ्यांना वर्षात ९० दिवसांपर्यंत सुट्टीतलं काम करण्याची सोय कायद्यात आहे, पण ती जर्मन रोजगार खात्यामार्फत. हॉटेलवाल्याशी परस्पर ठरवून चालत नाही. आणि आपला मे म्हणजे त्यांची सुट्टी नव्हे. तिकडची माणसं रजेवर जातात ती जुलै-ऑगस्टात.

तुझ्यासाठी खरी वाट म्हणजे अभ्यासाशी निगडित इंटर्नशिप. त्याला किमान चार सेमिस्टर झालेली लागतात, तुझी झालीत. कंपनीनं रोजगार खात्याची संमती घ्यायची, मग तू व्हिसा मागायचा. कंपनी शोधायला तुझ्या विभागप्रमुखांना आधी धर. उद्यमबागेतल्या ज्या कारखान्यांचा जर्मनीशी व्यवहार असेल, त्यांच्याकडूनही ओळख काढ. सरसकट शंभर ठिकाणी बायोडेटा फेकू नकोस. मोजक्या कंपन्यांना जर्मनमध्ये एक पानी मेल लिही, त्यात मार्कांपेक्षा कुठल्या मशीनवर हात चालतो ते आधी येऊ दे. पुढच्या उन्हाळ्यासाठी दिवाळीलाच सुरुवात करावी लागते.

एक मात्र बघ. मोठ्या कंपनीच्या डिझाइन विभागात बसलीस तर सगळे कौतुकानं तुझ्याशी इंग्रजीत बोलतील आणि तुझं जर्मन ए-टूलाच राहील. लहान गावातला कारखाना बघ आणि शॉपफ्लोअर माग. तिथली बोली पुस्तकासारखी नसेल, पहिला आठवडा रडू येईल, येऊ दे. हॉटेलच्या मोरीत तरी तुला कोण बोलायला लावणार होतं?

मी स्वतः जर्मनीत फ्रायबुर्गजवळ एका घरी ओ-पेअर होते, म्हणजे त्यांच्याकडेच राहून पोरं सांभाळायची. त्यांच्या चार वर्षांच्या लेकीला रोज रात्री गोष्ट वाचून दाखवायची. एक शब्द चुकला की ती 'नाइन!', म्हणजे 'नाही!' म्हणायची, बोट पानाच्या वरच्या ओळीवर नेऊन ठेवायची, आणि मी पुन्हा पहिल्यापासून. इतका कडक मास्तर मला ना आधी भेटला ना नंतर. पण ते काम सुट्टीपुरतं नसतं, सहा महिने ते वर्षभराचं असतं. वय १८ च्या वर आणि २७ च्या आत, जर्मन ए-वन, आठवड्याला जास्तीत जास्त ३० तास. राहणं-जेवण घरातच आणि वर महिन्याला २८० युरो हातखर्च. डिग्रीनंतर हवं तर विचार कर. पोरांची आवड नसेल तर नकोच, ते घरही कंटाळतं.

व्हिसाचं लक्षात ठेव. आपल्याला पुणं-मुंबई जवळची वाटते, आणि भाषेची परीक्षा पुण्याच्या माक्स म्युलर भवनात देताही येते. पण व्हिसाचा अर्ज राहत्या राज्यावर ठरतो. पत्ता खानापूरचा, म्हणजे बंगळूर. सीमाप्रश्न तिथं चालत नाही. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं संध्याकाळी निघालीस की सकाळी पोचशील.

मेल लिहून झाला की पाठवण्याआधी मला दाखव. क्रियापदं जागच्या जागी आहेत का तेवढं बघून देते.