मुलाची जन्मजात वाकडी नडगी मोडून जुळत नाही. हाडाचे रोपण करावे का?
खानापूर तालुक्यातील आपल्या दोन वर्षांच्या मुलाची जन्मापासून पुढे वाकलेली नडगी मोडली आणि प्लास्टर घालूनही जुळली नाही, असे आपण लिहिले आहे. हे वर्णन नडगीच्या जन्मजात छद्मसंधीशी (हाड न जुळता मोडलेल्या जागी खोटा सांधा राहणे) जुळते. या दुर्मीळ विकारात हाडाभोवतीचे आवरणच रोगट असल्याने नुसत्या प्लास्टरने हाड सहसा सांधत नाही. शस्त्रक्रियेत तो रोगट भाग काढून हाडाच्या आत धातूची सळई बसवतात आणि मुलाच्याच कमरेच्या हाडातून घेतलेले हाड तेथे भरतात. अंतर मोठे असल्यास पोटरीतील बारीक हाड रक्तवाहिन्यांसह लावतात किंवा इलिझारोव्ह कड्यांचा (पायाबाहेरून तारांनी हाडाला जोडलेल्या धातूच्या कड्यांचा) आधार घेतात. अनेक शल्यचिकित्सक मूल 3 वर्षांचे होईपर्यंत ब्रेस (पायाला बाहेरून आधार देणारे साधन) देऊन थांबतात, तेव्हा या थांबण्याला हयगय समजू नये.

अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग असतील तर ते अवश्य दाखवा, कारण नडगीचा हा विकार असलेल्या सुमारे निम्म्या मुलांत न्यूरोफायब्रोमॅटोसिस (मज्जातंतूंवर गाठी येणारा जनुकीय विकार) आढळतो. बेळगाव किंवा मिरज, जेथे लहान मुलांच्या हाडांचा अनुभव असलेले तज्ज्ञ भेटतील तेथे जा. मात्र आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेतून उपचार हवे असल्यास सरकारी रुग्णालयाची शिफारसचिठ्ठी बहुधा लागते, ती आधी घ्या. हाड जुळल्यावरही ते पुन्हा मोडू शकते, म्हणून वाढ पूर्ण होईपर्यंत ब्रेस आणि तपासण्या कृपया सोडू नका.