जुन्या शाळेला नवीन खोल्या जोडायच्यात? आधी ग्लासगोची ही इमारत बघा

प्रश्न : ताई, नमस्कार. आमची साताऱ्यातली शाळा जुन्या दगडी इमारतीत भरते, काळ्या दगडाच्या भिंती नि वर मंगलोरी कौलं. पट वाढलाय म्हणून संस्थेला शेजारी आठ खोल्या काढायच्यात. माजी विद्यार्थ्यांच्या मीटिंगमध्ये दोन पार्ट्या पडल्यात, एक म्हणते हुबेहूब जुन्यासारखंच बांधा, दुसरी म्हणते आता दगड घडवत कोण बसतंय, काचा लावा नि मोकळे व्हा. माझी भाची ग्लासगोला असते, तिने तिथल्या स्कूल ऑफ आर्टचा जुना फोटो पाठवला आणि म्हणाली, मामा, यातली अर्धी इमारत नंतर जोडलीय, ओळखून दाखव. मला काही जमलं नाही. आम्ही पण असंच करावं का?
– एक माजी विद्यार्थी, सातारा

उत्तर : दादा, भाचीने तुम्हाला समोरचा फोटो पाठवला असणार, म्हणून फसलात. तिला म्हणावं दोन्ही बाजूंचे पाठव, मग गंमत कळेल.

ही इमारत चार्ल्स रेनी मॅकिंटॉश या स्कॉटिश आर्किटेक्टची. शाळेकडे पैसे पुरेनात म्हणून आधी पूर्वेकडचा अर्धा भाग आणि मधला दरवाजा एवढंच बांधलं, १८९७ ते १८९९ मध्ये. मग काम थांबलं ते थेट १९०७ ला सुरू झालं आणि १९०९ ला संपलं. माणूस तोच, पण पहिल्या वेळी तिशीच्या आत असलेला मॅकिंटॉश दुसऱ्या वेळी चाळिशीला टेकला होता आणि मधल्या काळात त्याचं डोकं बरंच पुढं गेलं होतं, त्यामुळे जुना प्लॅन हातात असून पण त्याने पश्चिमेची बाजू नव्याने काढली. पूर्वेकडची भिंत बघितली तर एखाद्या स्कॉटिश गढीसारखी, दगडच जास्त नि खिडक्या मोजक्या. पश्चिमेला मात्र लायब्ररीच्या उंचच उंच खिडक्या एकावर एक मजले चढत सरळ वर गेल्यात, बघणाऱ्याला वाटावं ही इमारतच दुसरी. समोरून मात्र त्याने सूर मोडला नाही. चित्रकलेला उत्तरेचा उजेड लागतो, ऊन थेट आत येत नाही नि सावल्या सरकत नाहीत, म्हणून रस्त्याकडच्या उत्तर बाजूला स्टुडिओच्या भल्यामोठ्या खिडक्या आहेत आणि ती ओळ दोन्ही भागांत तशीच चालू ठेवलीय. तीसुद्धा डावी-उजवी सारखी नाही बरं का, दरवाजाच्या एका बाजूला तीन नि दुसऱ्या बाजूला चार.

म्हणजे तुमच्या दोन्ही पार्ट्या अर्ध्या बरोबर आहेत असं म्हणून मी सुटू शकते, पण माझं मत विचाराल तर हुबेहूब नक्कल नको. आज जो तुम्हाला जुन्यासारखं बांधून देतो तो आरसीसीच्या भिंतीवर दगडाच्या चकत्या चिकटवतो, आणि दोन पावसाळ्यांत त्या सुटायला लागतात. जुन्याकडून घ्यायचं ते मोजमाप घ्या, म्हणजे जोत्याची उंची, खिडक्यांची ओळ, वळचण कुठे येते ते. नवी इमारत जुन्याच्या वळचणीपेक्षा वर जाऊ देऊ नका, रस्त्यापासून थोडी मागे ठेवा, बाकी साधा गिलावा चालेल.

आता जोडायचं कसं, ज्यावर मीटिंगमध्ये कुणी बोललं नसणार. ग्लासगोला वरच्या मजल्यावर नवे स्टुडिओ चढवले तेव्हा पूर्व-पश्चिम जोडायला मॅकिंटॉशने मागच्या अंगाला काचेचा एक चिंचोळा जाण्यायेण्याचा रस्ता बाहेर लटकता काढला, तिथली पोरं त्याला कोंबड्यांचा रस्ता म्हणायची. तुम्ही पण जोडणी अशी हलकीच ठेवा, एक पडवीवजा पॅसेज बास. नवीन स्लॅब जुन्या भिंतीत घुसवून टेकवायचा नाही म्हणजे नाही. जुनी भिंत चुन्यातली, तिचा पाया बसून कितीतरी वर्षं झालीत, नवीन पाया अजून खाली बसणार, दोन्ही एकत्र बांधले की भेग ठरलेली. त्यात आपण कोयनेच्या शेजारचे. १९६७ चा भूकंप साताऱ्याने सोसलाय, आणि हादऱ्यात जड दगडी इमारत एका तालात हलते, आरसीसीची दुसऱ्या, मध्ये मोकळी फट नसेल तर एकमेकींना धडका देतात. ती फट किती ठेवायची हे स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून लेखी घ्या, कॉन्ट्रॅक्टरच्या अंदाजावर नको.

आणि वायरिंग. त्या ग्लासगोच्या इमारतीला मे २०१४ मध्ये आग लागली, तळघरात एका प्रोजेक्टरपाशी फोममधल्या गॅसने पेट घेतला आणि हवा खेळवायच्या जुन्या पोकळ्यांमधून ती वर चढली, लायब्ररी गेली. दुरुस्ती चालू असतानाच जून २०१८ मध्ये पुन्हा आग, या वेळी जवळपास सगळं आतून जळालं. सागवानी कैच्या असलेल्या शाळेत जुन्याच मीटरवरून नव्या आठ खोल्यांना लाइन ओढणार असाल तर आधी ते थांबवा.

जागा असेल तर न जोडता वेगळीच इमारत बांधा हा पण मार्ग आहे. ग्लासगोच्या त्या आर्ट स्कूलने २०१४ ला रस्त्यापलीकडे स्टीव्हन हॉल या अमेरिकन आर्किटेक्टकडून दुधी काचेची नवी इमारत बांधून घेतली. आतला उजेड छान आहे म्हणतात, पण जुन्या दगडासमोर ती कशी दिसते यावरून तिथे भरपूर भांडणं झाली. मला स्वतःला नाही आवडत.

प्रश्न : मुलगा स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजला शिकतो. तिथे मद्रास कॉलेज नावाची शाळा आहे म्हणे, खरं का? – एक वाचक, सांगली

उत्तर : अगदी खरं. अँड्र्यू बेल हा सेंट अँड्र्यूजचाच, मद्रासला एग्मोरमध्ये सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा चालवायचा. तिथल्या गावठी शाळेत पोरं वाळूत अक्षरं गिरवताना त्याने बघितली, आणि मोठ्या पोरांनी धाकट्यांना शिकवायचं ही पद्धत त्याने मद्रास पद्धत म्हणून तिकडे नेली. (आपल्या पंतोजींच्या शाळेत हेच चालायचं, असो.) त्याच्या पैशातून १८३२ ते १८३४ मध्ये विल्यम बर्न या आर्किटेक्टने ही चौकाची इमारत बांधली. मला आवडतं ते असं की रस्त्याकडच्या अंगाला सोळाव्या शतकातल्या मठाच्या चॅपलचा पडका भाग होता तो त्यांनी तसाच उभा ठेवला. आपल्याकडे उद्घाटनाच्या आदल्या दिवशी जेसीबी आला असता. २०२१ मध्ये शाळा गावाच्या कडेला नव्या इमारतीत गेली, जुनी पाडली नाही. मुलाला सांगा साउथ स्ट्रीटवरून चक्कर मारून ये.

प्रश्न : शाळेच्या दगडी भिंतींवर काळे-हिरवे ओघळ आलेत, ॲसिड मारून घ्यावं का? – मुख्याध्यापिका, वाई तालुका

उत्तर : मॅडम, नको. एडिंबरा-ग्लासगोचा वाळूचा दगड कोळशाच्या धुराने काळा पडला होता, तो मागच्या शतकात लोकांनी वाळूचा मारा करून आणि ॲसिडने चकाचक केला, मग दगडाचा वरचा थर निघून तो झिजायला लागला. आपला काळा दगड कठीण, त्याला फारसं होणार नाही, पण सांध्यातला चुना ॲसिड खाऊन टाकतं आणि मग कुणीतरी सिमेंटने सांधे भरतो, पाणी आत अडकतं. पावसाळा संपला की साधं पाणी नि मऊ ब्रश. ऑइल पेंट तर अजिबात नको. आणि शिडी लावून पन्हळ बघा, ओघळ आलाय म्हणजे बहुतेक वेळा वर कुठेतरी पन्हळ फुटलीय नाहीतर पाल्याने तुंबलीय.