कॉस्प्लेसाठी लेटेक्सचा सूट घेतलाय. तो घालायचा आणि टिकवायचा कसा?

कॉमिक कॉन या कॉमिक्सच्या चाहत्यांच्या मेळाव्यात आवडत्या पात्राचा वेश करण्यासाठी (म्हणजेच कॉस्प्लेसाठी) पहिल्यांदाच लेटेक्स घेतलंय आणि घालताना फाटेल अशी तुम्हाला धास्ती आहे. माझ्या पाहण्यात मात्र हे कपडे अंगावर कमी आणि घरातच जास्त खराब होतात. लेटेक्स म्हणजे झाडाच्या चिकापासून केलेलं रबर. तेल, तांबं आणि ऊन हे त्याचे वैरी, आणि आपल्या घरात तिन्ही भरपूर.

सूट वर सरकेना की खोबरेल किंवा व्हॅसलीन चोळायचा मोह होतो. अजिबात नको. तेल रबरात मुरतं, रबर फुगतं, कमजोर होतं आणि जरा ताणलं की फाटतं. त्याऐवजी आतून टाल्कम पावडर लावा, नाहीतर सिलिकॉनचं ल्युब्रिकंट. त्या दिवशी अंगाला लोशन लावू नका. नखं कापा, अंगठ्या-बांगड्या उतरवा. पायमोज्यासारखा गोळा करून घोट्यापासून थोडा थोडा वर घ्या. चिमटीत धरून ओढू नका, तळव्यानं सरकवा.

तांब्याबद्दल सहसा कुणी सांगत नाही. तांबं-पितळ हाताळलेली बोटं फिकट लेटेक्सला लागली की काही वेळानं तपकिरी डाग उमटतात, आणि ते धुऊन जात नाहीत. तांब्याची बाटली, देवघरातली समई, पाच रुपयांचं पिवळं नाणं, कशानंही हे होतं. म्हणून सूटला हात लावण्याआधी साबणानं हात धुवा.

फुगा किंवा रबरी हातमोजे लागून तुम्हाला कधी खाज, पुरळ, ओठांना सूज आली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा सूट अंगावर चढवू नका. लेटेक्सची ॲलर्जी असलेल्या काहींना केळी, पपई, किवीचाही त्रास होतो. शिवाय यात घाम वाळत नाही, त्यामुळे अंग तापतं. मुंबईच्या दमट हवेत घरून घालून लोकलनं निघू नका, हॉलवर जाऊन बदला. पाणी पीत राहा आणि गरगरल्यासारखं झालं तर फोटो राहू द्या, आधी सूट काढा.

घरी आल्यावर त्याच रात्री कोमट पाण्यात सौम्य साबणानं हातानं धुवा. मशीन, पिळणं, इस्त्री, ड्रायक्लीनिंग काहीही नको. प्लॅस्टिकच्या हँगरवर सावलीत वाळवा. गॅलरीतल्या उन्हात टाकलात तर रबर चिकट तरी होतं, नाहीतर कडक होऊन तडकतं. एक बाजू वाळली की उलटा करा. पूर्ण कोरडा झाल्यावर आतबाहेर पावडर लावा, नाहीतर त्याचे थर एकमेकांना चिकटतात. मग काळ्या पिशवीत घालून अंधारात ठेवा. काळा आणि पांढरा एकत्र ठेवू नका, रंग लागतो.

बारीक चीर गेलीच तर सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन चालतं. चिरेची आतली बाजू आणि तिथं लावायचा लेटेक्सचाच तुकडा, दोन्ही स्वच्छ पुसा, दोन्हींना पातळ थर लावा, जरा सुकू द्या आणि मग तुकडा आतून दाबून बसवा. तुकड्याचे कोपरे गोल कापा, टोकदार कोपरे लवकर सुटतात.