दातांचा नवा दवाखाना: आधी पाऱ्याचा बंदोबस्त
नवा दवाखाना पर्यावरणपूरक करायचा असेल, तर कागदी पेले किंवा बांबूचे ब्रश आणण्याआधी आपण पाऱ्याचा विचार करावा, असे मी सुचवेन. दातात भरल्या जाणाऱ्या अमलगममध्ये (चंदेरी धातूमिश्रणात) वजनाने सुमारे 50 टक्के पारा असतो. म्हणून जुने अमलगम काढताना निघणारा चुरा सांडपाण्यात जाऊ नये यासाठी किमान 95 टक्के कण अडवणारा सेपरेटर सक्शनला (तोंडातील पाणी व लाळ ओढून घेणाऱ्या यंत्राला) जोडावा आणि साठलेला गाळ घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून तो ऑटोक्लेव्हमध्ये (उपकरणे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) किंवा जाळायच्या कचऱ्यात कधीही टाकू नये, कारण उष्णतेने पाऱ्याची वाफ होते. सक्शनच्या नळ्या ब्लीचने धुऊ नयेत. त्याने अडकलेला पारा पुन्हा सुटतो (हे मला फार उशिरा उमगले). डिजिटल एक्स-रेमुळे फिल्म धुण्यासाठी लागणारे फिक्सरचे द्रावण आणि फिल्मच्या पाकिटातील शिशाचे पत्रे दोन्ही टळतात. सुया आणि हातमोजे यांच्या बाबतीत मात्र काटकसर नको.