जावईबापूंचा मार्च

प्रश्न : आमचे जावई अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकले, आता पुण्यात नोकरीला आहेत. येत्या मार्चमध्ये आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. साताऱ्यात एका रविवारी कार्यक्रम ठरवला, तर जावई चाचरत म्हणाले, "आई, आठवडाभर पुढे ढकलता येईल का? तेव्हा आमच्या कॉलेजच्या मॅचेस असतील." बास्केटबॉल आणि बर्फावरची हॉकी! कॉलेज सोडून वीस वर्षं झाली, स्वतः कधी खेळले नाहीत. मुलगी नुसती हसते. आम्ही राग धरावा का? — एक सासूबाई, सातारा

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अगं बाई, आणखी एक!" मीही त्याच घाण्यातला. 1987 साली राहुरीहून दुग्धशास्त्र शिकायला कॉर्नेलच्या गावी, इथाकाला गेलो, दोन वर्षांत सांगलीला परतलो. पण मार्च लागला की अजून पहाटे साडेचारला जाग येते, गजर न लावता. लोकांना कॉर्नेल म्हटलं की रतन टाटा आठवतात. आम्हाला स्कोअर आठवतात, आणि तेही बहुतेक हरल्याचे.

राग धरू नका, पण तारीखही बदलू नका. जावई "मॅचेस असतील" म्हणाले ना, त्यातल्या "असतील"मध्येच सगळी गोम आहे. कॉर्नेल आयव्ही लीगमधलं, म्हणजे अमेरिकेतल्या आठ जुन्या विद्यापीठांच्या गटातलं. तिथं खेळासाठी म्हणून शिष्यवृत्ती देत नाहीत. बास्केटबॉलच्या मोसमाअखेर आठांपैकी वरचे चार संघ मार्चच्या मध्यावर एका शनिवार-रविवारी भिडतात. जिंकेल तो 68 संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत थेट जातो. हॉकीचं शेपूट वेगळं. तिथं बारा संघांची ईसीएसी लीग, तिचे शेवटचे सामने लेक प्लॅसिडला. 1980 च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या कॉलेजातल्या पोरांनी सोव्हिएत संघाला 4-3 नं लोळवलं, तेच मैदान. तिथून पुढे राष्ट्रीय स्पर्धा, फक्त सोळा संघांची. त्या टप्प्यात एक सामना हरला की सामान बांधायचं. म्हणजे तुमच्या रविवारपर्यंत जावयांचे दोन्ही संघ कदाचित घरी बसलेलेही असतील. पण हे त्यांच्या तोंडावर बोलू नका.

माझं सांगतो. 1988 साली आम्ही बास्केटबॉलमध्ये आयव्ही जिंकली. अख्खं वसतिगृह टीव्हीभोवती जमलं. राष्ट्रीय स्पर्धेत समोर ॲरिझोना, त्यांच्यात स्टीव्ह कर, तोच जो पुढे एनबीएत, म्हणजे तिकडच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, शिकागोकडून खेळला. 90-50! चाळीस गुणांनी हरलो. पुढची आयव्ही मिळायला वीस वर्षं लागली, 2008 पर्यंत.

आणि मग 2010. तेव्हा आम्ही दोघं रॉचेस्टरला लेकीच्या बाळंतपणाला गेलो होतो. राष्ट्रीय स्पर्धेत कॉर्नेलनं आधी टेंपलला 78-65 नं हरवलं, मग विस्कॉन्सिनला 87-69 नं. त्याआधी त्या स्पर्धेत आम्ही एक सामना जिंकला नव्हता, आणि आता शेवटच्या सोळांत! त्याच आठवड्यात हॉकीवाल्यांनी ईसीएसीचे शेवटचे दोन्ही सामने 3-0 नं मारले. मी घरात बाळाच्या आधी टीव्हीकडे बघायचो, असं बायको अजून सांगते. ते खोटं आहे, पण फार नाही.

बास्केटबॉलचा पुढचा सामना केंटकीशी, सिराक्यूजला होता, आमच्यापासून दीड तासावर. घरात डिंकाचे लाडू वळायचे होते. "खारीक संपलीय, सिराक्यूजच्या इंडियन दुकानात चांगली मिळते," असं सांगून मी जावयाला घेऊन निघालो. तिथल्या स्टेडियमच्या प्रचंड घुमटाखाली आम्ही 10-2 नं पुढे होतो तेव्हा मी शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. त्यानंतर मध्यंतरापर्यंत केंटकीचे 30 आणि आमचे 6. शेवटी 62-45. त्या संघातले पाचजण तीन महिन्यांनी एनबीएच्या खेळाडू-निवडीत पहिल्याच फेरीत उचलले गेले, त्यामुळे लाज वाटायचं कारण नव्हतं. परतताना दुकान बंद. खारीक नाही. दुसऱ्या दिवशी आल्बनीला हॉकीवाले न्यू हॅम्पशायरकडून 6-2 नं हरले, ती मॅच मी नातीला मांडीवर घेऊन, आवाज बंद करून पाहिली. चोवीस तासांत दोन्ही खेळांचा मार्च संपला. लाडू बिनखारकेचे झाले.

तर तोडगा असा. कार्यक्रम रविवारी दुपारी बाराला ठेवा. तिकडचा शनिवारी संध्याकाळी सातचा सामना म्हणजे आपली रविवारची पहाट, साडेचार. (मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे सरकतात, हे जावयांना माहीत असणार.) सातच्या सुमारास सुटतील. त्यांना आदल्या रात्रीच साताऱ्याला बोलवा, कोपऱ्यातली खोली आणि वायफायचा पासवर्ड द्या. धोका एकच. या स्पर्धेत हॉकीला बरोबरी चालत नाही. गोल होईपर्यंत वीस-वीस मिनिटांचे जादा डाव चालूच राहतात. 2006 साली विस्कॉन्सिनविरुद्ध तिसऱ्या जादा डावात एकच गोल झाला, आणि तो त्यांचा. जावई तेव्हा तिथं शिकत असतील तर विषय काढू नका. सकाळी चेहरा पाहा. पडलेला असेल तर "खेळात असं चालायचंच" म्हणायचं नाही. चहा द्यायचा, आणि हार ओवायला बसवायचं.

प्रश्न : मुलगा ऑगस्टमध्ये इथाकालाच शेतकी शिकायला चाललाय. हे वेड त्याला लागू नये म्हणून काय करावं? — एक वडील, बारामती

उत्तर : काही करता येणार नाही. लायना रिंकमध्ये, म्हणजे कॉर्नेलच्या हॉकीच्या मैदानात, पहिल्याच मॅचला कोणीतरी हातात वर्तमानपत्र देईल. पाहुण्या संघाची नावं पुकारायला लागली की सगळी पोरं पेपर उघडून वाचत बसतात, जणू समोर कोणी नाहीच. नाव झालं की एका सुरात "बोअरिंग!" मग पेपरांचे बोळे बर्फावर. गाईच्या गळ्यातली घंटाही वाजते. हार्वर्ड आलं की मासे फेकतात. म्हणतात की 1973 मध्ये हार्वर्डवाल्यांनी आमच्या शेतकी कॉलेजला हिणवायला बर्फावर कोंबडी टाकली होती, त्याची ही परतफेड. शेतकीचं पोर म्हटल्यावर तुमच्या मुलाला हे जरा जास्तच लागणार.

मासा नेऊ नकोस म्हणावं. दारावर झडती घेतात, आणि बर्फावर काही टाकलं तर पंच आपल्याच संघाला शिक्षा करू शकतात. मी कोटाच्या अस्तरात घालून एक नेला होता. फेकायचा धीर झाला नाही. तो कोट दोनदा धुतला, तरी राहुरीला नेला तेव्हा आईनं दारातच विचारलं, "हा कसला वास रे?"